तारखेची साडी

मयुरीकडे पांढरी साडी एकच होती, आणि ती लग्नातली होती. बारीक निळ्या काठाची, सुती, पदरावर नावापुरती जर. तिच्या बापाने चिखलीच्या बाजारात दुकानदाराशी वाद घालघालून ती आणली होती. तीच नेसून मयुरी गावच्या विहारात शुद्धोधनच्या शेजारी उभी राहिली, दोघांनी मेणबत्ती लावली, वंदना म्हटली, आणि लोकांनी त्यांच्यावर झेंडूच्या पाकळ्या उधळल्या. त्यांच्यात नवरी पांढरंच नेसते. पुढे तिची केस चालवणाऱ्या नीळकंठ वकिलांना हे ठाऊक नसेल असं नाही, इतकी वर्षं जिल्ह्यात वकिली केलेला माणूस. पण वकिलाला जे ठाऊक असतं ते त्याला वेळेवर आठवतंच असं नाही.

शुद्धोधन चिखलीला वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, पाण्याच्या टाक्यांचे घोडे करायचा. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी तो मोटरसायकलवरून घरी निघाला. रस्त्याच्या कामावरचा मुरमाचा टिप्पर वळणावर, भर रस्त्यात उभा होता. मागचा दिवा नाही, चाकाखाली दगड नाही, निदान इशारा म्हणून झाडाची एखादी फांदी तोडून लावावी, तर तीही नाही. ड्रायव्हर समोरच्या ढाब्यावर जेवायला बसला होता. शुद्धोधन त्या टिप्परवर मागून आदळला. ड्रायव्हरचं जेवण अर्धं राहिलं, तेवढं एक त्याचंही नुकसान झालं म्हणायचं.

ठेकेदाराची माणसं मातीला आली, हात जोडून उभी राहिली आणि गेली. टिप्परच्या विमा कंपनीने पुढे कोर्टात लेखी देऊन टाकलं की मोटरसायकलवालाच भरधाव येत होता. मेलेल्या माणसाला तोंड नसतं, हे अशा कंपन्यांना चांगलं माहीत असतं.

मागे राहिल्या तिघी. मयुरी, तिची सासू भिमाबाई, आणि नुकतीच बोलायला लागलेली लेक अर्पिता. मयुरी गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. खिचडी शिजवायची, लेकरांची नाकं पुसायची, आणि घरी येऊन सासूला रडताना पाहायचं. तिचं स्वतःचं रडणं ती चुलीपुढे उरकून घ्यायची. धुराचं निमित्त फुकट मिळत होतं.

आता जी चूक झाली ती इथूनच सुरू होते, आणि ती कुणी वाईट बुद्धीने केली नाही हेच जास्त वाईट आहे.

शुद्धोधनच्या पुण्यानुमोदनाला पिंपळगाव राजाहून बनाबाई आली होती. ही भिमाबाईची मावसबहीण. तोंडाने फटकळ, मनाने मऊ, आणि सगळ्या जगाची खबर ठेवणारी. जेवणं झाल्यावर बायका भिंतीला टेकून बसल्या तेव्हा कुणीतरी कोर्टात क्लेम लावा म्हणालं. बनाबाईने लगेच बोट वर केलं.

"लावा, जरूर लावा. पण एक आयकून ठेवा. आमच्याकडं एका पोरीनं केस चालू असतानीच दुसरं घर केलं. एक पैसा नाही भेटला तिले. कोर्ट म्हने, आता तुले दुसरा नवरा हाय, त्याले माग."

खरं काय झालं होतं? ती पोरगी नव्या नवऱ्याबरोबर सुरतेला गेली, तारखांना आलीच नाही, आणि केस फेटाळली गेली. पण इतकं सगळं सांगत बसायला बनाबाईला वेळ कुठला! बातमी चिखलीच्या बाजूला पोचली ती एवढीच, की लग्न केलं आणि पैसा गेला.

भिमाबाईने ते गाठीला बांधून ठेवलं. तेव्हा सुनेच्या लग्नाचा विषयही कुणाच्या मनात नव्हता.

पुढे त्या दोघी नीळकंठ वकिलांकडे गेल्या. वकील मेहकरचे, बुलढाण्याच्या कोर्टात वकिली करणारे. माणूस सज्जन. आधी फी मागितली नाही, कागद नीट लावले, टिप्परच्या मागच्या दिव्याचा मुद्दा पंचनाम्यातून बरोबर शोधून काढला. निघताना त्यांनी मयुरीकडे पाहिलं. तिच्या अंगावर हिरवी साडी होती, रोजची दुसरी धड नव्हतीच.

"तारखेला येताना पांढरं काही नेसा," ते म्हणाले. "गळ्यात काही घालू नका. जज्जसाहेबांना नुसतं दिसलं तरी पुरे असतं."

मयुरी मान हलवून बाहेर आली. पांढरं म्हणजे एकच. पहिल्या तारखेच्या सकाळी तिने पेटी उघडली, साडी काढली, आणि पेटीपुढेच बसून राहिली. भिमाबाईने पाहिलं, तिला कळलं, आणि ती तोंडाला पदर लावून अंगणात निघून गेली. पण एसटी कुणासाठी थांबत नाही. मयुरीने लग्नाची साडी नेसली, आणि विधवा दिसायला बुलढाण्याला गेली.

कोर्टात तिला पाहून लोकांना बिचारी वाटायची. एसटी स्टँडवर तिच्या समाजातली एखादी बाई भेटली की ती मात्र आधी साडीकडे बघायची, मग कपाळाकडे, आणि गप्प व्हायची. मयुरीला त्या गप्प होण्याचीच जास्त लाज वाटे.

तारखा पडत गेल्या. कधी साहेब रजेवर, कधी कंपनीचा वकील नाही, कधी टिप्परमालकाला नोटीसच पोचली नाही. साडी मात्र दर तारखेला धुतली गेली, नेसली गेली, एसटीच्या सीटच्या पत्र्याला अडकली. ती पहिल्यांदा फाटली तेव्हा मयुरी ती नागसेनकडे घेऊन गेली.

नागसेन गावातलाच शिंपीकाम करणारा. चिखलीच्या रस्त्याला त्याचं छोटं दुकान, आत एक मशीन, बाहेर एक बाकडं. उंच, जरा वाकलेला, कमी बोलणारा. आई आजारी असते म्हणून लग्नाचं मागे पडलं होतं, आणि मागे पडलेली गोष्ट तो स्वतःहून पुढे आणणाऱ्यातला नव्हता. त्याचं रफू मात्र बघत राहावं असं. फाटलं कुठे होतं ते शोधून सापडायचं नाही.

"नागसेनभाऊ, एवढं नीट करून द्या. परवा तारीख हाय."

त्याने साडी हातात घेतली आणि काठ पाहिला. लग्नात तो जेवायला होता. साडी त्याने ओळखली.

"हीच नेसतं कोर्टात?" त्याने विचारलं.

"वकील म्हणले, पांढरं नेसा."

त्याने पांढरा दोरा काढून सुई ओवली. रफूचे पैसेही घेतले नाहीत. त्या साडीचे कधीच घेतले नाहीत. साडी दर दोन-तीन तारखांनी कुठे ना कुठे विरायची, आणि मयुरी जायची. नंतर नंतर ती विरली नसली तरी जायची. अर्पिता बाकड्यावर बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची आणि नागसेन तिला रंगीत दोरे काढून द्यायचा. एक दिवस मयुरीच्या लक्षात आलं, की आपण त्याला नागसेनभाऊ म्हणायचं सोडून दिलंय. भाऊ म्हणवत नव्हतं आणि नुसतं नाव घेववत नव्हतं. मग ती त्याला कुठलीच हाक मारीना. दुकानाच्या दारात जाऊन उभी राहायची, आणि तो मान वर करायचा.

गावात अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. पण इथे आधी बोलली ती भिमाबाईच. भाकरी थापता थापता, सुनेकडे न बघता.

"नागसेन चांगला हाय."

मयुरीच्या हातातलं काम थांबलं.

"मी आंधळी नाही व," भिमाबाई म्हणाली. "माहा पोरगा गेला. तू काऊन जिवंतपणी मरतं? त्याच्या मायशी मी बोलली. बुढी तयार हाय. तुले लेकीसारखी उजवून देतो मी. फक्त केसचा निकाल लागू दे. आता लगन लावलं तं पोरीच्या हक्काचं जाईन. बनाबाईचं आयकलं होतं ना तू?"

"वकिलाले इचारू काय आत्याबाई?"

भिमाबाईने कपाळावर हात मारला. "इचारशीन? अन् तो काय म्हनीन? पोराची राख थंडी नाही झाली, अन् ह्या सोयरीक पाहून राह्यल्या! तो आपल्यासाठी बिनपैशानं उभा राह्यते. त्याच्या मनातून उतरलो तं?"

सासूचं म्हणणं मयुरीला पटलं, कारण तिला स्वतःलाही ती लाज होतीच. विधवेने आपल्याच नवऱ्याच्या केसच्या वकिलाला तोंड वर करून विचारायचं, साहेब, मी लग्न केलं तर चालेल का? जीभ कशी रेटायची? नागसेनला निरोप गेला. तो म्हणाला, "थांबतो मी. निकाल लागू द्या." तिला त्या रात्री गाढ झोप लागली. शुद्धोधन गेल्यापासून ती अशी झोपली नव्हती.

मग तिच्या साक्षीची तारीख आली. भिमाबाईचे गुडघे धरले होते म्हणून सोबतीला नागसेन आला आणि मागच्या बाकावर बसला. मयुरी पिंजऱ्यात उभी राहिली. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, अशी शपथ घेतली. आपल्या वकिलांचे प्रश्न झाले. मग कंपनीचे वकील उठले. नवरा दारू प्यायचा का? नाही. गाडी जोरात चालवायचा का? नाही. तिने सगळं धीराने सांगितलं. तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला.

"बाई, तुम्ही तरुण आहात. दुसरं लग्न करायचा विचार आहे का?"

मयुरीने पिंजऱ्याची फळी धरली. याला कसं कळलं? कुणी सांगितलं? आता हो म्हटलं तर सगळं गेलं, अर्पिताचं सगळं गेलं. मागच्या बाकाकडे बघायची तिची छाती झाली नाही.

"नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात वर बसलेले साहेब इंग्रजीत काहीतरी बोलले. टाइप करणाऱ्याचे हात थांबले. कंपनीच्या वकिलांनी मान झुकवली आणि ते खाली बसले. साहेबांचा आवाज कडक होता. एवढंच तिला समजलं. ते काय म्हणाले हे तिला कुणी सांगितलं नाही. जिचा नवरा गेला, जिची साक्ष, जिच्यासाठी हा सगळा पसारा, तिला सोडून त्या खोलीतल्या सगळ्या शिकलेल्यांना ते कळलं होतं.

जिना उतरताना ती म्हणाली, "साहेब रागावले वाटते. त्याहिले खोटं वाटलं असंन."

नागसेन दोन पायऱ्या खाली होता. तो थांबला.

"शपथेवर नाही म्हणलं तू," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"निकालापर्यंत," ती म्हणाली. "निकालापर्यंतच."

"मी इचारू काय वकिलाले? माहं काय जाते?"

"नको! तुमचं नाव कोर्टात आलं तं? मी आताच शपथ घेतली न!"

त्याने तिचं ऐकलं. तो तिचं ऐकायचाच. न ऐकणारा असता, दांडगाई करून वकिलाच्या दारात जाऊन उभा राहिला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पुढे साहेबांची बदली झाली. नवे आले. मग कोरोना आला, आणि कोर्टांना कुलूप लागलं. गावाच्या वेशीवर काटे टाकले, अंगणवाडी बंद झाली, नागसेनने मास्क शिवले. कोर्ट उघडलं तेव्हा आधी जुन्या केसांचा ढीग उपसला जात होता. नीळकंठ वकिलांच्या घरी मृत्यू झाला, ते कितीतरी दिवस आले नाहीत. साडीवर रफूवर रफू चढलं. नागसेनच्या आईला अर्धांगवायू झाला आणि तिला कूस बदलायलाही माणूस लागू लागलं.

म्हातारीने भिमाबाईला बोलावून घेतलं. जीभ जड झालेली. ती म्हणाली, "निकाल कधी लागीन व भिमा? मी मेल्यावर?" भिमाबाईने तिची कूस बदलून दिली.

नागसेन मयुरीला शेवटचं विचारायला अंगणवाडीत आला. लेकरं घरी गेली होती. तो दारातच उभा राहिला.

"मायले कोणी नाही करायले. मी दुकान पाहू का तिले पाहू? तू म्हणत असशीन तं अजून थांबतो."

मयुरीने मोठ्या पातेल्याच्या बुडाला लागलेली खिचडी खरवडायला घेतली. चांगली खसखसून. थांब म्हणायला तिला काहीच लागलं नसतं. एक शब्द, आणि हा माणूस म्हातारा होईपर्यंत थांबला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो शब्द तिच्याने उच्चारवला नाही.

"करून घ्या तुमी," ती म्हणाली. "बुढीचे हाल नका करू."

त्याने देऊळगाव राजाकडची मुलगी केली. चांगली होती, कामसू, सासूचं सगळं करणारी. लग्नात मयुरीने पोळ्या लाटल्या. नव्या नवरीची पांढरी साडी तिने एकदाच पाहिली, आणि नंतर लाटण्याकडेच पाहत राहिली.

पुढच्या वर्षी निकाल लागला.

कोर्टाबाहेरच्या कडुनिंबाखाली नीळकंठ वकील हसतमुखाने आले. "मंजूर! संपूर्ण चूक टिप्परवाल्याची धरली आहे. दिवा नव्हता, खूण नव्हती. शुद्धोधनचा काहीही दोष नाही, असं साहेबांनी स्वच्छ लिहिलंय."

भिमाबाई हमसून रडली. इतकी वर्षं तिच्या लेकाला कागदोपत्री दोषी म्हटलं जात होतं, आणि आज तो सुटला होता. मयुरीही रडली. ते रडणं चांगलं होतं. तिथेच ते थांबायला हवं होतं.

"मुलीचा हिस्सा बँकेत तिच्या नावाने राहील," वकील म्हणाले, आणि मग त्यांनी आवाज मऊ केला. वडीलकीने, चांगल्या मनाने. "आता तुमचंही बघा, बाई. सबंध आयुष्य पडलंय. चांगलं स्थळ आलं तर नाही म्हणू नका."

भिमाबाईने डोळे पुसले. "आता चालते न साहेब? लगन केलं तं पैसा वापस नाही न घेत कोर्ट?"

वकील हसले. "परत कशाला घेतील? आधी केलं असतं तरी मिळाला असता. नवरा गेला ते नुकसान झालंच ना? पुढच्या लग्नाचा त्याच्याशी काय संबंध?" मग त्यांना काही आठवलं. "यांच्या साक्षीच्या दिवशी तो प्रश्न निघाला होता की! साहेबांनी तिथेच सांगितलं, हा प्रश्न गैरलागू आहे, लिहून घेऊ नका. कंपनीच्या वकिलाला झापलंच त्यांनी."

वकिलांनी दोघींच्या तोंडाकडे पाहिलं.

"का? कुणी काही वेगळं सांगितलं होतं? अहो, मग मला विचारायचं ना."

एवढं बोलून ते पुढच्या पुकाऱ्याला धावले. भिमाबाई कडुनिंबाच्या ओट्यावर बसली आणि स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागली. एक, दोन, मयुरीने हात धरेपर्यंत.

"जळो माही जीभ. म्या तुले थांबवलं. म्या!"

"गप बसा आत्याबाई. लोक पाहून राह्यले."

"मी सांगतो नागसेनले. त्याचे पाय धरतो."

"काय सांगान त्याले?" मयुरीचा आवाज फुटला. "का उगीच थांबला म्हनून? आता त्याच्या घरात पाळणा हालून राह्यला, अन् तुमी जाऊन सांगान, का बाप्पा, काहीच आडवं नव्हतं म्हनून?"

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. तिच्या डोक्यात कुणाबद्दल राग आहे ते ती शोधत होती. बनाबाई? सासू? वकील? त्या बिचाऱ्या साहेबांनी तर तिची बाजू घेतली होती, तेही तिला कळलं नव्हतं. फिरून फिरून ती स्वतःपाशीच येत होती. त्याने दोनदा म्हटलं होतं, मी विचारू का. एकदा जिन्यात, आणि एकदा नजरेने, अंगणवाडीच्या दारात. आणि तिनेच त्याचं तोंड बंद केलं होतं. चिखली आली तरी ती उठली नाही, भिमाबाईने तिला हलवलं.

दुसऱ्या दिवशी ती साडी घेऊन दुकानात गेली. नागसेनने मान वर केली. आतल्या बाजूला त्याची बायको लेकराला मांडीवर थोपटत बसली होती. तिने हसून मयुरीला बस म्हटलं.

"परत तारीख?" नागसेनने साडीसाठी हात पुढे केला.

"नाही. निकाल लागला. आपल्या बाजूनं."

त्याचे खांदे सैल झाले. तो खरंच आनंदला. असाच होता तो. मग त्याने साडी गुडघ्यावर पसरली आणि आपलंच जुनं रफू अंगठ्याने चाचपलं.

"मंग आता काय करू हिचं?"

"कापा. पौर्णिमेच्या वंदनेले अर्पिताले पांढरा फराक पायजे. चांगलं कापड असंन तेवढं घ्या. बाकी राहू द्या."

त्याने कात्री उचलली, पण लगेच चालवली नाही. बायकोकडे एकदा पाहिलं, मग खाली, कापडाकडे बघत, हळू आवाजात त्याने विचारलं. इतकी वर्षं त्याच्या मनात तेच असणार.

"वकिलाले इचारलं काय मंग? त्या गोष्टीचं?"

मयुरीला वाटलं, सांगून टाकावं. एकट्याने किती वाहायचं? यातला अर्धा वाटा याचा आहे. याच्याशिवाय हे दुःख समजणारा जगात दुसरा माणूस नाही. आतमध्ये लेकरू कुरकुरलं, आणि त्याची आई त्याला गाणं म्हणू लागली.

"इचारलं," मयुरी म्हणाली.

"काय म्हणले?"

"म्हणले, केस गेलीच असती. थांबल्या ते शहाणपणाचं केलं म्हणले."

नागसेनने मोठा श्वास सोडला. केवढं ओझं त्याच्या छातीवरून उतरलं ते तिला समोर दिसलं. त्याने कापडाची घडी घातली, रफू केलेला भाग वगळून खडूने रेघ ओढली.

"म्हंजे थांबलो ते बरंच झालं," तो म्हणाला.

"हाव, नागसेनभाऊ," मयुरी म्हणाली. "बरंच झालं."

भाऊ ऐकून त्याने वर पाहिलं. ती अर्पिताच्या मापाचा जुना फ्रॉक पिशवीतून काढत होती. मग त्याने कात्री चालवली.